बाबांचं लिंबू आणि आईचं लिंबू

नाशिकरोडच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा:

वडील नोटप्रेसमधून निवृत्त झालेले, नोकरीची बरीचशी वर्षं तपासणीत गेलेली. वय 67. बीपीची गोळी चालू, पित्ताचा त्रास जुना. परसात कागदी लिंबाचं झाड आहे आणि ते भरभरून लागतं. निवृत्तीनंतर बाबांनी लिंबाचं फारच मनावर घेतलं. रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून त्यात दोन लिंबं पिळून ठेवायची आणि पहाटे अनशापोटी प्यायचं, हा त्यांचा नेम. मग उपाय कॉलनीत पोचले. मुतखडा असलेल्या शेजाऱ्यांना रोज अर्धा पेला निव्वळ रस, वांग आलेल्या समोरच्या काकूंना चेहऱ्यावर लिंबू. काकूंचा चेहरा उलट काळवंडला आणि दोन घरांतलं बोलणं थांबलं. 'लिंबानं रक्त पातळ राहतं' म्हणून बाबा बीपीची गोळी आता एक दिवसाआड घेतात. गेल्या आठवड्यात आठ महिन्यांच्या नातवाला सर्दी झाली, तेव्हा त्यांनी मधात लिंबाचे थेंब घालून त्याला चाटवलं. त्यावरून सून बाळाला घेऊन माहेरी जायला निघाली होती.

पत्रलेखक म्हणतात, "मी काही बोललो की 'तुमचा आपल्या परंपरेवर विश्वासच नाही' हे ऐकावं लागतं. आई यात काही बोलत नाही, ती आपली लिंबाच्या फोडींनी देवाची भांडी घासत असते. लिंबाचे कोणते उपाय खरे, कोणते खोटे, याची यादी छापा. मी ती बाबांच्या हातात ठेवतो. नाहीतर झाडच तोडून टाकू का?"

नमस्कार.

झाड तोडू नका, त्या बिचाऱ्यानं काही केलेलं नाही. पण आधी दोन गोष्टी आजच मार्गी लावा. बाकीचं सावकाश बोलता येईल, या दोन्हींना थांबायला वेळ नाही.

पहिली बाळाची. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध द्यायचा नाही. बोटावर नाही, दुधात नाही, औषधात कालवूनही नाही. मधात कधीकधी बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजू शकतात आणि तिथे जे विष तयार होतं त्यानं स्नायू लुळे पडतात. असं क्वचितच होतं. पण झालं तर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवायची वेळ येते. मध ओळखीच्या माणसानं रानातून आणलेला, एकदम शुद्ध असला तरी नियम हाच, आणि कोमट केल्यानं हे बीजाणू मरत नाहीत. चाटवलं गेलं ते गेलं, घाबरू नका. पुढचा महिनाभर मात्र लक्ष ठेवा. बाळाला शी होईनाशी झाली, रडण्यातला जोर गेला, दूध ओढता येईना, मान किंवा पापण्या ढिल्या पडल्या, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि मध दिला होता हे स्वतःहून सांगा.

इथे बाबांच्या बाजूनं एक म्हणायला हवं. बाळाला मध चाटवणं ही खरोखरच आपल्याकडची जुनी रीत आहे, त्यांनी ती फोनवर वाचून आणलेली नाही. जुनी असूनही ती चुकीची आहे, इतकंच. आणि तुमच्या पत्नीचा राग या बाबतीत पूर्ण रास्त आहे. तुम्ही तसं त्यांना मोकळेपणानं म्हणालात का? पत्रात त्यांचं माहेरी निघणं आहे, तुम्ही त्यांच्या बाजूनं काय बोललात ते नाही.

दुसरी गोष्ट गोळीची. बीपीच्या गोळ्या रक्त पातळ करतात हाच मुळात गैरसमज आहे. त्या रक्तवाहिन्या सैल करतात, शरीरातलं जास्तीचं मीठ-पाणी बाहेर काढतात किंवा हृदयाचा वेग आवरतात, गोळीगणिक पद्धत वेगळी. यातलं काहीही दोन लिंबांनी होत नाही. वाढलेला दाब बहुतेक वेळा जाणवतच नाही, त्यामुळे 'मला तर एकदम बरं वाटतंय' याला इथे काही अर्थ नाही. शिवाय काही गोळ्या मध्येच सोडल्या तर दाब एकदम उसळी घेतो. घरी बीपीचं मशीन आणा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून, त्याआधी अर्धा तास चहा न घेता, दाब मोजा आणि वहीत लिहा. ती वही घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की बदलायची ते डॉक्टर ठरवतील. तोवर चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे रोज. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम दोन घेणं, हेही करू देऊ नका.

आता यादीचं. ती मी देणार नाही. मुलानं बापाच्या हातात छापील यादी ठेवणं म्हणजे मेमो देणं. ज्या माणसाची सगळी उमर प्रेसच्या शिस्तीत गेली, त्याला मेमो कसा वाचायचा आणि कसा बाजूला टाकायचा, हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. शिवाय तुम्हाला हवेत तसे खरे आणि खोटे असे दोन रकाने लिंबाला पुरत नाहीत. वांगावर जे लिंबू घात करतं तेच मेथीच्या भाजीवर औषधासारखं काम करतं. कशावर, किती आणि कुठल्या भांड्यात, यावर सगळं ठरतं.

माझा खरा आक्षेप 'परंपरा' या शब्दाला आहे. तुमच्या घरात तो बाबांच्या बाजूनं वापरला जातो आणि तुम्ही तो निमूटपणे मान्य करून टाकलाय. जणू ते परंपरेचे वकील आणि तुम्ही विज्ञानाचे. जरा तपासून बघा. अनशापोटी लिंबूपाणी पिऊन 'शरीर साफ' करायचं, ही भाषा तुमच्या आजीनं कधी केली होती का? लिंबू फ्रीजरमध्ये ठेवून सालासकट किसून खाल्लं तर कॅन्सर बरा होतो, हा निरोप बाबांच्या फोनवर नक्की आला असेल, तो सगळ्यांच्याच फोनवर येतो. त्यात परंपरा कुठे आहे? गरम पाण्यात मध-लिंबू घेऊन वजन उतरवायचं म्हणतात, तर मध तापवू नये, उष्ण पदार्थांबरोबर घेऊ नये, असं चरकसंहितेत स्पष्ट म्हटलं आहे. परंपरेचा एवढा अभिमान असेल तर निदान तिचं ऐकायला हवं.

आणि तो तांब्याचा तांब्या! रात्रभर तांब्यात ठेवलेलं साधं पाणी पिणं जुनं आहे, ठीक आहे. पण त्यात लिंबू पिळून ठेवणं? तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट ठेवायचं नाही, कळकतं, हे पितळी पातेल्यांच्या घरात वाढलेल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. ताक, कढी, चिंच घातलेली आमटी, यांच्यासाठी तर भांड्यांना कल्हई करून घ्यायचे. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा हात, आंबटाची आणि तांब्याची गाठ पडू नये म्हणून. आणि हे मी कुणाला सांगतेय, नाशिककरांना! तांबट आळी आणि भांडीबाजार ज्या गावात आहे, तिथला माणूस तांब्यात लिंबू पिळून रात्रभर झाकून ठेवतो, म्हणजे कमाल आहे. लिंबातलं आम्ल तांबं विरघळवतं आणि ते पाण्यात उतरतं. जास्त उतरलं तर मळमळ, उलटी, पोटात कळा. बाबांना सकाळी मळमळतं का, हे एकदा विचारा. पित्ताच्या खात्यावर मांडलेल्या त्रासातला काही त्या तांब्याचाही असेल. तांब्या आजच बदला. काचेचा पेला घ्या, स्टीलचं फुलपात्र घ्या.

तुमच्या चार पानांत आई एका वाक्यापुरती येते. 'ती आपली लिंबाच्या फोडींनी देवाची भांडी घासत असते.' मला त्या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसतं. ती भांडी लिंबानं घासते आणि प्यायचं पाणी तांब्यात आंबवत नाही, कारण लिंबू तांब्याचं काय करतं हे ती रोज डोळ्यांनी बघते. घरगुती लिंबाची माहिती तुमच्या घरात एकाच माणसाला आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. ना बाबांनी, ना तुम्ही.

म्हणून एखाद्या रविवारी ओट्याशी उभे राहा आणि तिला विचारा. काय ऐकायला मिळेल याचा थोडा अंदाज मी देऊ शकते, आपल्याकडच्या बहुतेक स्वयंपाकघरांत ते सारखंच असतं.

पिळून झालेली फोड ती टाकत नसणार. फोडीवर जाड मीठ घेतलं की ताम्हण, पळी, पंचपात्र, समई मिनिटभरात लखलखतात. भांड्यावरचा काळपट थर हा धातूचा हवेशी संयोग होऊन बनलेला असतो, आम्ल तो विरघळवतं आणि मिठाचे कण खरवडायला मदत करतात. लगेच धुऊन कोरडं पुसलं नाही तर मात्र दुसऱ्या दिवशी हिरवट डाग हजर. दुकानातून लाखेचा चकचकीत हात देऊन आलेल्या शोभेच्या पितळी वस्तूंवर हा प्रयोग करू नये, वरचा थर ठिकठिकाणी उडतो आणि वस्तू कोडी दिसायला लागते. बोअरच्या पाण्यानं इलेक्ट्रिक किटलीच्या तळाशी पांढरा थर धरला असेल, तर एका लिंबाचा रस घालून पाणी उकळा आणि अर्धा तास तसंच ठेवा. तो थर चुन्याचा असतो, आम्लात बुडबुडे येत विरघळतो.

नेमक्या याच कारणानं लिंबू कडप्प्याच्या ओट्यावर ठेवायचं नाही. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच जातीचा. चिरलेलं लिंबू रात्रभर ओट्यावर राहिलं तर सकाळी पांढुरका डाग असतो, आणि तो मळ नसतो, दगडच खाल्ला गेलेला असतो. घासून तो जाणार कसा? ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही. आणि बाथरूम धुताना लिंबू किंवा कुठलंही आम्ल ब्लीचच्या द्रावणात कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरे.

स्वयंपाकातलं लिंबू तर बहुतेकजण गृहीतच धरतात. गुलाबजामच्या पाकात चार थेंब टाकले की पाक साखरत नाही, कारण आम्लामुळे काही साखरेचं रूप बदलतं आणि खडे धरायला अडथळा येतो. भात शिजताना थोडा रस टाकला तर शितं पांढरीशुभ्र राहतात. चिरलेलं सफरचंद काळं पडत नाही. दूध फाडायला व्हिनेगर आणावं लागत नाही. मासळीच्या हाताचा वास लिंबानं जातो, तोही केवळ झाकला जात नाही, वास देणारा पदार्थच आम्लात अडकून पडतो आणि पाण्याबरोबर धुऊन जातो.

पण या सगळ्यात ताटातली फोड मला सगळ्यात मोठी वाटते. मेथी, मटकी, डाळी यांतलं लोह शरीर फार कंजूषपणे घेतं. सोबत क जीवनसत्त्व असेल तर तेच लोह जास्त शोषलं जातं. पोह्यांवर, वरण-भातावर, मिसळीवर आपण लिंबू पिळतो ते चवीसाठी, आणि नकळत हे काम होऊन जातं. नाशिकची मिसळ कांदा-लिंबाशिवाय समोर येतच नाही, याला कुणी आरोग्याचा सल्ला म्हणत नाही, पण आहे. फोड जेवताना पिळायची, भाजी उकळत असताना नाही, उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं. आणि पोह्यांवर लिंबू पिळून लगेच वर चहा ढोसला तर चहा ते लोह अडवतो, तासाभराचं अंतर बरं. तुमच्या पत्नी बाळाला अंगावर पाजत असतील तर घरातल्या लिंबावर पहिला हक्क त्यांच्या ताटाचा आहे. बाबांना काही उपाय करायचाच असेल तर हा करू द्या: सुनेच्या ताटात रोज ताजी फोड, झाडावरून काढून.

क जीवनसत्त्वासाठी मात्र लिंबाला डोक्यावर घ्यायची गरज नाही. पेरूत ते लिंबापेक्षा कितीतरी जास्त असतं, आवळ्यात तर त्याहून जास्त. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात दोन्ही मिळतात. उन्हाळ्यात लिंबू महाग होतं तेव्हा हे ध्यानात ठेवा. 2022 च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं होतं, आणि तेव्हाही लोक ते केसांना चोळत होते.

केसांवरून आठवलं. कोंड्याला लिंबू चोळण्यानं टाळू कोरडी पडते आणि चुरचुरते. कोंडा वरचेवर होत असेल तर औषधाच्या दुकानात बुरशीरोधक शॅम्पू मिळतो, तो आणा. यावर याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

समोरच्या काकूंचं बोलायला हवं, कारण तिथे नातं तुटलंय. कागदी लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीच्या तेलात असे काही पदार्थ असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा अक्षरशः भाजते. लगेच कळतही नाही. एक-दोन दिवसांनी लाली किंवा फोड येतात आणि मग काळे डाग, जे आठवडे, कधी महिनेही राहतात. वांग तर उन्हानं वाढणाराच प्रकार, म्हणजे काकूंच्या बाबतीत दोन्हीकडून मार बसला. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं, उन्हात जाताना सनस्क्रीन आणि ओढणी, आणि चेहऱ्यावर आता दुसरा कुठलाही घरगुती प्रयोग नको, ना बटाटा, ना बेकिंग सोडा. हे काकूंना सांगायला बाबांनी स्वतः जावं. तुम्ही नको. आणि जाताना लिंबं नेऊ नका म्हणावं, पेरू न्या. उन्हाळ्यात अंगणात सरबताचं काम काढणाऱ्या, पाणपोईवर शेकड्यानं लिंबं पिळणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे: काम सावलीत करा, उन्हात जाण्याआधी हात कोपरापर्यंत साबणानं धुवा.

मुतखडावाल्या शेजाऱ्यांचं वेगळं. इथे बाबा अगदीच चुकलेले नाहीत, हे तुम्ही त्यांच्यापाशी मोकळ्या मनानं कबूल करा, त्याचा उपयोग होईल. लिंबातलं सायट्रेट लघवीत कॅल्शियमचे खडे धरू देत नाही, डॉक्टरसुद्धा काहींना पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात आणि सोबत लिंबूपाणी घ्यायला सांगतात. पण ते खडा पुन्हा होऊ नये म्हणून. आहे तो कॅल्शियमचा खडा लिंबानं विरघळत नाही. आणि मुख्य काम पाणी करतं: दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पोटात जायला हवं, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये त्याहून बरंच जास्त प्यावं लागतं. अर्धा पेला निव्वळ रस पिण्यात काहीच शहाणपण नाही, दात आणि पोट दोन्ही जातात. तो रस दिवसभराच्या पाण्यात वाटून घातला तर गोष्ट वेगळी. सोनोग्राफी करून खडा केवढा आणि कुठे आहे ते आधी बघायचं. ताप येत असेल, लघवी अडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

आता बाबांचा स्वतःचा पेला. 'लिंबू बाहेर आंबट, पोटात गेलं की अल्कलाईन' हे तुम्ही त्यांचं वाक्य म्हणून लिहिलंय. त्यात पाव हिस्सा खरं आहे. शरीरानं सायट्रेट वापरलं की लघवीतली आम्लता थोडी कमी होते, मुतखड्याला होणाऱ्या उपयोगात त्याचाही वाटा असतो. रक्ताचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) मात्र 7.35 ते 7.45 च्या दरम्यानच राहतो, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो हलू देत नाहीत, तुम्ही लिंबू प्या नाहीतर उसाचा रस. पोटात तर आधीच तीव्र आम्ल असतं, त्यात लिंबाचं आणखी थोडं पडतं. ज्याला छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं, त्याला अनशापोटी दोन लिंबं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दातांचंही तसंच. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-सव्वादोनच्या आसपास असतो आणि साधारण साडेपाचच्या खाली दातावरचं कवच विरघळू लागतं. थंड पाण्यानं दात शिवशिवतात का, विचारा. लिंबूपाणी घ्यायचं तर जेवणाबरोबर, पातळ करून, एका बैठकीत संपवून. तासभर घोट घोट करत नाही. नंतर साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि अर्धा-पाऊण तास ब्रश लावायचा नाही.

सरबताचं मीठही मोजा. काळं मीठ असो वा सैंधव, दोन्हींत मुख्यतः तेच सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, त्यात लोणचं-पापड सगळं आलं. बीपीच्या माणसानं बिनमिठाचं सरबत प्यावं, मधुमेह्यानं बिनसाखरेचं. दोन्ही असतील तर लिंबू आणि पाणी, वर पुदिना चुरगाळून. आणि जुलाब-उलट्यांत, विशेषतः लहान मुलांच्या, अंदाजपंचे सरबतावर भिस्त ठेवू नका. ओआरएसचं पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यात, बहुधा एक लिटर असतं, पूर्ण विरघळवून द्यायचं. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, माप नेमकं.

हे सगळं बाबांना कसं सांगायचं? तुम्ही लिहिता की ते तपासणीत होते. छापून आलेला कागद निरखायचा, खोट दिसली की बाजूला काढायचा, हेच आयुष्यभराचं काम. त्याच माणसाच्या हातात फोनवर रोज लिंबाचे दहा संदेश येतात आणि दहाच्या दहा पास होतात, याची गंमत तुम्ही त्यांच्यापुढे हसत मांडू शकता, टोमणा न मारता. बीपीची वही त्यांच्याच हातानं भरू द्या. आकडे त्यांचे, अक्षर त्यांचं. गोळी रोज घेतलेला आठवडा कसा दिसतो ते त्यांना स्वतःला वाचू दे.

त्यांना एक जुना किस्साही सांगा. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या इंग्रज आरमारातल्या डॉक्टरनं जहाजावरचे स्कर्व्हीचे, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या आजाराचे, बारा रोगी घेतले. हिरड्या सुजलेल्या, अंगात त्राण नाही. दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज संत्री आणि लिंबू. सहा दिवसांत ही फळं संपली, पण तोवर त्या दोघांतला एक जवळजवळ कामावर परतण्याजोगा झाला होता. लिंबाचा हा उपाय खलाशांना आधीपासून ऐकून माहीत होता. लिंडनं तो इतर पाच उपायांशेजारी ठेवून पाहिला. तरीही सरसकट आरमाराला लिंबाचा रस मिळायला 1795 उजाडलं. पुढे पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधली आपल्या कागदी लिंबासारखी हिरवी लिंबं घेतली, त्यात क जीवनसत्त्व कमी, आणि लांबच्या मोहिमांवर स्कर्व्ही पुन्हा दिसू लागला. तपासणीतल्या माणसाला हा किस्सा आवडेल असं वाटतं.

तुम्हालाही एक सांगते. बाबांना कॉलनीत कुणीतरी काहीतरी विचारायला येणं हवं आहे. ते तुम्ही तोडायला गेलात तर लिंबू सुटेल आणि दुसरं काही सुरू होईल, कोरफड असेल नाहीतर गोमूत्र. पावसाळ्यात झाड ओसंडतं तेव्हा ती लिंबं कॉलनीत वाटायचं काम त्यांचंच राहू द्या, फक्त सोबत सल्ला नको. जास्तीच्या लिंबांचं लोणचं आईच्या देखरेखीखाली त्यांनी घालावं. फोडी त्यांनी चिरायच्या, मीठ-हळद तिनं बघायची, चिनी मातीच्या बरणीला दादरा त्यांनी बांधायचा, उन्हात ठेवणं-काढणं त्यांच्याकडे. मुरायला पंधरा दिवस-महिना लागतो, तेवढा काळ ते गुंतलेले राहतील. आणि बीपीमुळे स्वतःच्या पानात त्यातली बारकीशी फोडच पडेल, हे आई बघून घेईल, ती न बोलता हे करते असा माझा अंदाज आहे.

राहिलं मधाचं. आज घरी एवढंच म्हणा: "वर्षाचा होईपर्यंत मध नाही." कारणं देत बसू नका, कारणं दिली की वाद सुरू होतो. बाळाची गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, म्हणजे महिन्याभरात तुम्ही दवाखान्यात जाणारच आहात. त्या दिवशी आजोबांना सोबत न्या, बाळ त्यांच्या मांडीवर द्या आणि डॉक्टरांना मधाचं त्यांनाच विचारू द्या.